बाईंची दुपारची फेरी

१

तो आवाज ब्रदरनं पहिल्यांदा ऐकला त्याला आता पुष्कळ वर्षं लोटली. कोरडे तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज. खसखस, खसखस. मग जरा थांबून पुन्हा एकदा, हलकेच.

तेव्हा त्याला कुणी ब्रदर म्हणत नव्हतं. नर्सिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, नोंदणीचा कागद अजून करकरीत, आणि अंगातला पांढरा गणवेश एक माप मोठा. वृद्धांच्या वॉर्डातला पहिलाच दिवस. कुठं उभं राहावं हेसुद्धा कळेना. समोरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता आणि आवाज त्या पडद्याआडून येत होता. मग एका बाईचा आवाज आला, "आजोबा, मी आलेय. आता हात लावते हं. दचकू नका."

पडदा थोडा सरकला आणि एक बुटकीशी, रुंद खांद्यांची बाई डोकावली.

"बाहेर काय उभा आहेस पाहुण्यासारखा? आत ये. आणि आधी हात घास."

"का?"

"गरम होतात म्हणून. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला गार हात लावलास की त्याला वाटतं, घरात चोर शिरला."

त्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. वॉर्डाच्या प्रमुख त्याच. जे काही तो शिकला ते त्यांच्याकडून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळानं बदलायची, नाहीतर कातडी लाल होते आणि मग फाटते, हे पुस्तकातही होतं. पण कूस बदलल्यावर त्या माणसाच्या कानामागून बोट फिरवायचं, उशीखाली कान दुमडला नाही ना ते बघायचं, हे बाईंचं. आखडलेल्या मुठीत मऊ फडक्याची गुंडाळी द्यायची, म्हणजे नखं तळव्यात रुतत नाहीत आणि माणसाला कुणाचा तरी हात धरल्यासारखं वाटतं, हेही बाईंचंच.

एका बाबतीत मात्र बाई फार कडक होत्या. शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला, म्हणजे रिलीव्हरला, प्रत्येक खाटेपाशी न्यायच्या, पेशंटला हात लावून कुणाचं काय ते सांगायच्या, आणि समोरच्यानं तोंडानं "चार्ज घेतला" म्हटल्याशिवाय जागची हलायच्या नाहीत. त्याला पोचायला उशीर झाला तर बाई आपल्या दारात उभ्याच. बसायच्यासुद्धा नाहीत.

"बसलं की वाटतं आपली ड्यूटी संपली," त्या म्हणायच्या. "आणि मग मधल्या वेळात ही माणसं कुणाचीच नसतात."

२

आता बाई त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. पेशंट म्हणून.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना त्या ड्यूटीवर असतानाच कॉरिडॉरमध्ये पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ब्रदर तेव्हा वरच्या मजल्यावर कामाला होता. त्याला कळलं तोवर त्यांना दुसरीकडे हलवलं होतं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा उभा राहिला नाही. मग बरीच वर्षं भावाच्या घरी. भाऊ गेला, हळूहळू बाईंची आठवणही गेली, आणि भावजयीनं एक दिवस त्यांना इथं आणून सोडलं. ती वाईट नव्हती बिचारी. तिचेच गुडघे गेले होते.

बाईंना आणलं त्या दिवशी ब्रदरनं त्यांच्या खाटेची चादर स्वतः घातली, एकही सुरकुती न ठेवता. बाईंनी चादरीवरून हात फिरवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"नवीन मुलगा का रे तू?"

त्याचे केस तोवर पांढरे झाले होते. "हो बाई," तो म्हणाला. "नवीनच आहे."

तेव्हापासून तो रोजच नवीन होता. बाईंना भरवायचं, त्यांचे विरळ केस विंचरायचे, आणि त्यांनी विचारलं की आपलं नाव सांगायचं. पाय आखडून गुडघ्यांत कायमचे वाकले होते. काटक्यांसारख्या पोटऱ्या. आधार दिला तरी त्यांना नीट बसता येत नसे, मग चालणं तर दूरच.

"एवढे लाड तर तुम्ही बायकोचेसुद्धा केले नसतील," वॉर्डातली मावशी म्हणायची. मावशी म्हणजे वॉर्डाची जुनी आया. झाडण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं बघायची आणि बोलल्याशिवाय तिचा हात चालायचा नाही.

"बायकोनं मला कूस बदलायला शिकवलं नाही, मावशी."

"तिनं शिकवलं असतं हो, तुम्ही घरी असता तर ना!"

ते खरंच होतं. त्याची बायकोसुद्धा एकदा झोपेत त्याला 'ब्रदर' म्हणाली होती, आणि मग दोन दिवस कुणाला हसू आवरलं नव्हतं.

३

सुरुवात पोस्टमन आजोबांपासून झाली.

पोस्टमन आजोबा म्हणजे आडदांड माणूस. आयुष्यभर सायकल मारलेली. आता अर्धं अंग लुळं, जीभ जड, पण नजर एकदम ताजी. त्यांना वळवायचं तर दोघं लागायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ब्रदरनं आणि मावशीनं मिळून त्यांना खिडकीकडे तोंड करून निजवलं होतं. दुपारी सगळा वॉर्ड पेंगतो. पंखे फिरतात, कुठंतरी नळ ठिबकतो, उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत जाते. त्या वेळी ब्रदर आतल्या खोलीत औषधं लावत बसला होता.

कूस बदलायची वेळ झाली तेव्हा तो उठून आला. पोस्टमन आजोबांचं तोंड दाराकडे होतं. गुडघ्यांमध्ये उशी. पाठीला आधार. चादर ताठ.

मावशीनं उरकलं वाटतं, असं म्हणून तो पुढं गेला. वाटेत मावशी भेटली.

"मावशी, आज एकदम मनावर घेतलंत. मला हाक तरी मारायची."

"कशाला?"

"आजोबांना एकट्यानं वळवलंत ना?"

"मी? त्या धुडाला? एकटी?" मावशीनं बादली खाली ठेवली. "ब्रदर, मी आया आहे, क्रेन नाही. उलट मीच म्हणत होते, तुम्ही मला न बोलावता कसं काय उरकलंत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग हसली. फिजिओथेरपीवाला येऊन गेला असेल. नाहीतर कुणाचा नातेवाईक असेल, मदत म्हणून.

दुसऱ्या दिवशी, दिवसभर काहीतरी गुणगुणत पडून असायच्या त्या गाणाऱ्या आजींची कूस बदललेली होती. त्यानंतर पुन्हा पोस्टमन आजोबांची. मग कोपऱ्यातल्या, कधीच न बोलणाऱ्या आजोबांची. फक्त दुपारी, आणि दरवेळी अगदी नीट. एवढं नीट की ब्रदरच्या मनात आधी भीती आलीच नाही, जरा लाजच आली. घाई नाही, ओढाताण नाही. मुठीत फडक्याची गुंडाळी. त्यानं पोस्टमन आजोबांच्या कानामागून बोट फिरवलं. कान सरळ होता.

हे वॉर्डात आता फक्त तोच करत असे. नव्यांना त्यानं शिकवलं होतं, पण कुणाच्या लक्षात राहत नव्हतं.

"आजोबा," त्यानं वाकून विचारलं, "तुम्हाला कुणी वळवलं?"

पोस्टमन आजोबांनी जीभ गोळा केली. "बाई."

"कोण बाई?"

आजोबांनी डोळे मिचकावले, म्हणजे हा काय प्रश्न झाला. "बाई रे. हात गरम."

ब्रदरनं खिडकीजवळच्या खाटेकडे पाहिलं. दोन्ही बाजूंचे कठडे वर केलेले. बाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या, चादरीखाली त्यांचे गुडघे डोंगरासारखे वर आलेले.

वय झालंय आजोबांचं, तो स्वतःला म्हणाला. जुन्या आठवणी येतात. आपणच वळवलं असेल आणि विसरलो असू. आपलंही वय झालंच आहे की.

४

पण बाई खंगत चालल्या होत्या.

खाणं नीट होतं. ब्रदर स्वतः घास घास करून भरवत होता. तरी गालफडं आत गेली. दुपारी झोपून उठल्या की चेहरा दिवसभर राबून आता कुठं टेकलेल्या माणसासारखा दिसायचा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, हृदय दमलंय, यांना आराम हवा.

"आराम?" डॉक्टर गेल्यावर मावशी म्हणाली. "आणखी आराम कुठून आणायचा? त्या तर पडूनच आहेत."

"मेलं बसायलाही मिळालं नाही आज," बाई उशीवरून म्हणाल्या, कुणाकडे न बघता. "रिलीव्हर आली का रे?"

"येईल बाई," ब्रदर म्हणाला.

त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि तो जरासा दचकला. बाईंचे हात नेहमी गार असायचे, रक्त फिरायचंच नाही तिथवर. आज तळवा कोरडा होता, आणि गरम. तापाचा गरम नाही. मनगट गारच होतं. नुसता तळवा.

त्यानं थर्मामीटर लावलं. ताप नव्हता.

संध्याकाळी अंग पुसताना मावशीनं त्याला हाक मारली. "ब्रदर, हे बघा जरा."

बाईंचे तळपाय काळवंडले होते. वर्षानुवर्षं न चाललेल्या माणसाचे तळपाय तान्ह्या बाळासारखे होतात, गुलाबी, मऊ, रेघारेघांचे. हा बदल ब्रदरनं आजवर अनेक माणसांत पाहिला होता. बाईंचेही तसेच होते. आज त्यांवर फरशीची करडी धूळ होती, टाचेला आणि चवड्याला जास्त, मधल्या खोलगट भागाला नाही.

"चादरीची असेल," ब्रदर म्हणाला.

"चादर मी सकाळीच बदललीय."

"मग पंख्यानं उडून बसली असेल."

"पांघरुणाच्या आत?" मावशीनं ओलं फडकं पिळलं. मावशी गप्प बसली, हीच गोष्ट ब्रदरला धुळीपेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आतल्या खोलीत गेलाच नाही. स्टूल ओढून बाईंच्या खाटेशी बसला. मनाशी म्हणाला, हात धरून बसतो, म्हणजे तरी शंका फिटेल. बाईंना झोप लागली. श्वास संथ झाला. त्यांचा हात त्याच्या हातात होता, हलका, गार. पंख्याचा आवाज. नळाचा आवाज. उन्हाची पट्टी खाटेच्या पायापर्यंत आली.

मग गाणाऱ्या आजींच्या पडद्याआडून आवाज आला. खसखस, खसखस. जरा थांबून पुन्हा एकदा.

ब्रदर हलला नाही. त्याला वाटलं, आपण उठलो तर हा हात सोडावा लागेल. त्यानं खाली बघितलं. हात होता, बोटं होती, आखूड कापलेली नखं होती. पडद्याआड गादी किंचित करकरली. गाणाऱ्या आजी झोपेतच समाधानानं हुंकारल्या. पडदा एका ठिकाणी आतून फुगला, जशी वाकलेल्या माणसाची पाठ टेकावी, आणि मग पुन्हा सरळ झाला.

भुतांच्या गोष्टी त्यानं ढीगभर ऐकल्या होत्या. ज्या वॉर्डात इतकी माणसं शेवटची वर्षं काढतात तिथं त्या असणारच. कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. आणि आता त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, तरी मनात आलं ते एवढंच, की बाईंनी नेहमीसारखं सगळं हळुवार केलं असणार.

त्याच्या हातातला तळवा हळूहळू गरम होऊ लागला. घट्ट घासल्यावर होतो तसा.

५

"त्या पडल्या तेव्हा तुम्ही होतात ना हो इथं?" त्यानं मावशीला विचारलं. दोघं मागच्या व्हरांड्यात चहा घेत होती. तारेवर चादरी वाळत होत्या.

"होते की. मीच डोकं मांडीवर घेतलं होतं त्यांचं."

"काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? शिफ्ट संपलेली. रिलीव्हर आलेली नव्हती. बाई आपल्या दारात उभ्या, ताटकळत. शेवटी बघायला म्हणून कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि पाय सरकला." मावशीनं कप खाली ठेवला. "एवढं हाड मोडलेलं, पण बाई रडल्या नाहीत. स्ट्रेचरवर घातलं तर सारखं एकच. चार्ज कुणी घेतला? अगं, चार्ज कुणी घेतला?"

"मग कुणी घेतला?"

"कुणीतरी म्हणालं, होईल हो बाई, तुम्ही पडून राहा."

"पण घेतला कुणी?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या.

"तुम्ही घ्या ना मग," मावशी हळू आवाजात म्हणाली. "सोडवा बिचारीला."

ब्रदर उठला. "काहीतरीच काय, मावशी. शिकलेली माणसं आपण."

"तुम्ही शिकलेले. मी कुठं?"

तो आत गेला. खुळचटपणा आहे, असं त्यानं मनाला बजावलं. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्याला ठाऊक होती. बाईंना आता एकाच गोष्टीनं धरून ठेवलं असेल, तर ती सुटल्यावर त्या राहतील कशाला? रोज सकाळी "नवीन मुलगा का रे तू" असं विचारायला या जगात दुसरं कुणी नव्हतं. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती.

म्हणून तो टाळत राहिला. आज बाईंनी नीट खाल्लंय, आज चेहरा बरा आहे, उद्या बघू. बाई दुपारभर फिरत राहिल्या आणि संध्याकाळी मावशी त्यांचे पाय धूत राहिली. हल्ली ती पाय धुताना त्यांना हळूच दाबायचीसुद्धा, कामावरून आलेल्या माणसाचे दाबावेत तसे.

एका संध्याकाळी बाईंनी पाय झटकन मागे घेतला. ब्रदरनं वाकून पाहिलं. उजव्या चवड्याला फोड आला होता, पाण्यानं भरलेला, ताणलेला.

अंथरुणात पडलेल्या माणसाला व्रण होतो तो टाचेला, माकडहाडाला, खुब्याला. चवड्याला फोड येतो तो चालणाऱ्याला. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानं फोडाला मलम लावलं, पट्टी बांधली. बाई त्याच्याकडे बघत होत्या, दमलेल्या, जरा ओशाळलेल्या.

"पाय फार दुखतात रे," त्या म्हणाल्या. "पण ही माणसं सोडून जाऊ कशी?"

६

दुसऱ्या दिवशी तो घरून नवा इस्त्रीचा गणवेश घालून आला. दाढी केलेली. मावशीनं बघितलं आणि थट्टा केली नाही.

जेवणं उरकली. वॉर्ड पेंगला. बाईंचा डोळा लागायच्या आधी तो त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन ताठ उभा राहिला. मावशी पाण्याचा जग घेऊन भिंतीशी थांबली.

"बाई," तो म्हणाला, "मी ड्यूटीवर आलोय. चार्ज द्या."

बाईंनी मान वळवली. त्यांचे डोळे नेहमी पाण्याखालच्या दगडांसारखे दिसायचे. ते हळूहळू वर आले. त्यांनी त्याला आपादमस्तक बघितलं, कॉलरपासून बुटांपर्यंत.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या.

"हो बाई. माफ करा."

"असू दे. आलास ना."

आणि त्या सांगू लागल्या. आवाज बारीक होता, पण कुठं अडखळत नव्हता. मोडक्या वाक्यांची ती म्हातारी कुठंतरी गेली होती. "पोस्टमनना उजव्या कुशीवर फार वेळ ठेवू नकोस. त्या बाजूला त्यांची बायको निजायची. तिकडे तोंड केलं की रडतात, आणि आपल्याला वाटतं डोळे आलेत. गाणाऱ्या आजींना पाणी चमच्यानं. घाई केलीस तर ठसका लागतो. कोपऱ्यातले बोलत नाहीत, पण त्यांना ऐकू येतं. त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाबद्दल काही बोलायचं नाही."

एकेक करून खाटा होत गेल्या. ब्रदर मान हलवत होता. इतकं सगळं बाईंना कळलं कधी? ही माणसं तर बाई पडल्यानंतर कितीतरी वर्षांनी इथं आली होती.

"आणि तो दाराजवळचा," बाई म्हणाल्या.

ब्रदर थांबला. दाराजवळ खाट नव्हती. धुतलेल्या चादरींची ट्रॉली असायची तिथं, भिंतीला लागून.

"दाराजवळ कोण, बाई?"

"तो रे. त्याची कूस बदलायची नाही. त्याला हात लावायचा नाही." बाईंनी आवाज खाली आणला, पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून आणतात तसा. "रोज एकदा जवळ जाऊन विचारायचं, काही हवंय का. उत्तराची वाट बघायची नाही. आणि येताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. तोंड त्याच्याकडेच ठेवून मागं यायचं. एवढं केलं की तो गप पडून असतो. मग इतरांकडे जात नाही."

मावशीच्या हातातल्या जगातलं पाणी हिंदकळलं.

"आणि एखाद्या दिवशी विसरलं तर?" ब्रदरनं विचारलं.

"मी कधी विसरले नाही," बाई म्हणाल्या.

ऊन फरशीवर आलं होतं. दाराकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं, पण मान वळली नाही. हे इतकं काही घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं. बाईंना मोकळं करायचं, एवढंच होतं. नाही म्हणता आलं असतं. "नंतर बघू" म्हणता आलं असतं. एकदा कुणीतरी तसं म्हटलंच होतं.

बाई वाट बघत होत्या. रागानं नाही. शिफ्टच्या शेवटी दारात उभ्या असायच्या तशा, अंगातलं शेवटचं बळ धरून. चादरीखाली पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या पायाला घासत होता.

"चार्ज घेतला, बाई," ब्रदर म्हणाला. "सगळ्यांचा."

"दाराजवळच्याचाही?"

"त्याचाही."

बाईंनी श्वास सोडला. किती लांबवर चालला तो श्वास! मग त्यांनी उशीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

"चांगला मुलगा आहेस," त्या पुटपुटल्या. "नवीन दिसतोस."

७

मावशी बाईंपाशी बसली. ब्रदर फेरीला निघाला. आता ड्यूटी त्याची होती.

पोस्टमन आजोबांना त्यानं डाव्या कुशीवर घेतलं. आज मावशीला बोलवावं लागलं नाही. आजोबांनी स्वतःच जरा जोर लावला, आणि त्याच्याकडे असं बघितलं, जशी सही केलेली पोचपावती हाती आली. गाणाऱ्या आजींना त्यानं चमच्यानं पाणी पाजलं. कोपऱ्यातल्या आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून तो उगाच थोडा वेळ थांबला. काम करता करता भीती कमी झाली. काम असं असतं.

मग तो दाराकडे गेला.

ट्रॉली होती. घडी घातलेल्या चादरींची पांढरी चळत होती. दुपारचं लख्ख ऊन होतं, घाबरावं असं त्यात काही नव्हतं. आपण पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावलेला माणूस आणि चादरींशी बोलणार, या विचारानं त्याला जवळजवळ हसू आलं.

"काही हवंय का?" त्यानं विचारलं.

सगळ्यात वरच्या चादरीत मधोमध एक खळगा होता. डोकं टेकल्यावर उशीत पडतो तेवढा. तो बघत असताना खळगा थोडा सरकला, त्याच्या आवाजाच्या दिशेनं.

त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. पावलं सावकाश पडत होती, पेशंटसमोर पडावीत तशी.

तेवढ्यात त्याच्या शेजारून कुणीतरी पुढं गेलं.

बाई होत्या. अंगावर बाहेर जायचे कपडे, केस चापून विंचरलेले, खांद्यावर पिशवी, पाय सरळ. त्याला त्यांची बाजूच तेवढी दिसली, गाल आणि कान. चालण्यात थोडा थकवा होता, घरी जाणाऱ्या माणसाचा. मागं, खिडकीपाशी, स्टूल पडल्याचा आवाज झाला आणि मावशीचा हुंदका आला.

"बाई," तो म्हणाला.

त्यांनी वळून बघितलं नाही. त्या ट्रॉलीपाशी पोचल्या, तिला वळसा घातला आणि त्या जागेकडे बिनधास्त पाठ करून कॉरिडॉरमधून चालत गेल्या.